सोलकढीतल्या मुरडी
कोकमाच्या आगळाची बाटली उघडली की त्या आंबट वासाबरोबर मला आमच्या लालबागच्या घरातली एक दुपार आठवते. एकमेकांवरून सरकणारे प्रवाह कसे खवळतात, याचं गणित मी तेव्हा पीएचडीसाठी मांडत होते, आणि बाबा दर रविवारी विचारायचे, ‘पण तू नक्की करतेस काय?’ त्या दिवशी आई गावाला गेलेली, म्हणून सोलकढी बाबा करत होते. त्यांनी काचेच्या भांड्यात आधी आगळाचं पाणी घेतलं आणि वरून नारळाचं दूध अलगद सोडलं. पांढरा थर लालवर तसाच तरंगत राहिला. मिसळावं म्हणून त्यांनी भांडं तिरकं केलं, तसं आगळ खाली घसरलं, दूध वर सरकलं आणि दोघांच्या मधोमध एकामागून एक मुरडी उठल्या, करंजीच्या कडेला घालतात तशा रेखीव. मग फुटल्या आणि सगळं गुलाबी धुरासारखं पसरलं. ‘बाबा, मी हेच करते,’ मी म्हटलं. ते भांड्यात बघत राहिले. ‘कुठली मुरड कशी फुटणार, आधी सांगता येतं?’ ‘नेमकं नाही. कुणालाच नाही.’ मला वाटलं, आता हसतील. त्यांनी दुसरा नारळ उचलला आणि म्हणाले, ‘परत बघू.’ नेमकं मला अजूनही सांगता येत नाही, पण माझ्या घरात नारळ नेहमी दोन असतात.