वाताचं तेल

बायकोसोबत शेवटचं बाहेर गेलो ते हिंगोलीला, तिच्या चपलेचा अंगठा शिवायला. डेपोतून निघाल्यावर ती पोटरी धरून तीनदा बसली. मी म्हणलं, "म्हातारे, तू तर एसटीपरीस जास्त थांबे घेऊन राहिली."

चपला शिवणाऱ्या त्या माणसाला एकच पाय होता. दोरा दातात धरूनच बोलायचा. त्यानं तिला बसत-उठत येताना पाहिलं होतं. विचारलं, "बसल्यावर पोटरी दुखायची राहती ना, मावशी?"

"व्हय. हे रोज वाताचं तेल चोळतेत."

"हा वात न्हाई. रक्ताच्या नळ्या आतून कडक होऊन तुंबल्या. पायात तुंबल्या तर काळजातबी तुंबतेत. डॉक्टरला दाखवा. मीबी वरीसभर तेल चोळलं अन् विड्या ओढल्या. पाय गेला, तेल अजून घरात हाय."

ती लई हसली. मी म्हणलं, शेतातली हळद निघाल्यावर दाखवू. हळद निघायच्या आत तिचं काळीज बंद पडलं. शहाण्या माणसाचं सोडून मी हळदीचं ऐकलं.

महिन्यानं त्याला सांगायला गेलो, तर वाटेत मलाच दोनदा बसावं लागलं. त्यानं लांबून पाहिलं. ती गेल्याचं ऐकून त्यानं हातोडी खाली ठेवली. मग माझ्या तोंडातली विडी काढून चामडं भिजवायच्या पाण्यात टाकली.

"माझ्याच गेलेल्या पायाच्या चपला कोऱ्या पडून हायेत, काका. त्यात तुमची नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं तेल बैलाच्या शिंगांना चोळलं अन् दवाखान्यात गेलो.