लाओशींच्या जागी

टोरांटोच्या एटोबिको भागातल्या आमच्या कम्युनिटी सेंटरच्या बेसमेंटमध्ये दर शनिवारी सकाळी चिनी शाईचित्रांचा वर्ग भरायचा. ग्रोसरी, मुलांची हॉकी, सगळं नवऱ्याच्या गळ्यात टाकून मी तिथे पळायचे. शिकवणारे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आम्ही त्यांना लाओशी म्हणायचो, म्हणजे आपल्याकडचे गुरुजी. त्यांना इंग्रजी जेमतेम यायचं, म्हणून त्यांची पट्टशिष्या शेजारी उभी राहून त्यांचं बोलणं आम्हाला सांगायची. आठवडाभर ती बेकरीत राबायची, पण शनिवारी कुंचला उचलला की कागदावर बांबू डोलायलाच लागायचा! असा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

लाओशींचा एक नियम कडक होता. सातशे वर्षांपूर्वीच्या एका चित्रकाराचं चित्र वर्गात गिरवायचं नाही. तो बुडालेल्या राजघराण्यातला. मंगोलांनी त्या घराण्याचं राज्य जिंकलं, त्यांच्या बादशहाने बोलावलं, आणि हा गेला. दरबारात मानाची नोकरी केली. त्याने काढलेले घोडे जगभर नावाजलेले. मी एकदा पुस्तकातला त्याचा घोडा दाखवला, तर लाओशींनी पुस्तकच मिटलं. "हात सोन्याचा, पण पाठीला कणा नाही," ते म्हणाले. शिष्येने मान खाली घालून आम्हाला सांगितलं. मला तर ते भयंकर आवडलं. निष्ठा असावी तर अशी, असं मी घरीदारी सांगत सुटले.

आणि नोव्हेंबरात सेंटरचं व्यवस्थापन बदललं. नव्या मंडळींनी ठरवलं, वर्ग इंग्रजीतूनच व्हायला हवा. लाओशींना नारळ मिळाला आणि वर्ग शिष्येला देऊ केला गेला. माझं डोकंच फिरलं. मी निषेधाचं पत्र लिहायला बसले.

"अगं, शनिवारी विंटर टायर्सची अपॉइंटमेंट आहे," नवरा म्हणाला. "पिटिशन कसली करतेस?"

"चुलीत गेले तुझे टायर्स!" मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शिष्येला तिच्या बेकरीत गाठलं आणि वर्ग घेऊ नकोस म्हणून सुनावलं. तिने पावांचा ट्रे खाली ठेवला.

"नाही म्हटलं तर वर्ग बंद, खोली योगाला," ती इंग्रजीत म्हणाली. "हो म्हटलं तर मी कोण ठरेन, ते लाओशींनी त्या घोडेवाल्या चित्रकारावरून आधीच सांगून ठेवलंय. माझा फोनही उचलत नाहीत. पण बारा वर्षं मी त्यांचीच वाक्यं बोलतेय. मला शिकवायचंय. फार शिकवायचंय."

तिचे डोळे भरले होते. मी तरीही पत्रावर सगळ्यांच्या सह्या घेतल्याच.

शनिवारी पर्समध्ये पत्र घेऊन मी वर्गात गेले. ती समोर उभी होती, पांढरीफटक. तिने प्रत्येकापुढे एक झेरॉक्स ठेवली. तोच घोडा! वर्गात कुजबुज उठली. मी पत्र काढून उभी राहिले, तेवढ्यात दार उघडलं आणि लाओशी आत आले. टोपीवर बर्फ. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग घोड्याकडे. आता हिची चांगली खरडपट्टी निघणार, या विचाराने, खरं सांगते, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

ते मागच्या बाकावर जाऊन बसले. कोट काढला, कागद पसरला आणि घोडा काढू लागले. हा घोडा त्यांनी कधी काढलाच नव्हता. पाठीची रेघ थरथरली, मध्येच तुटली.

ती बाकाबाकावरून फिरत त्यांच्यापाशी आली आणि थबकली.

"टीचर," ते मोडक्या इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माय लाइन, नो गुड. शो मी."

तिने वाकून त्यांच्या कुंचल्यावरच्या हातावर आपला हात ठेवला. तिचाच हात इतका कापत होता, की शेवटी त्यांनीच दुसऱ्या हाताने तो सावरून धरला. मी उभ्याउभ्या हमसून रडत होते.