माय दुपारी कुठे जायची

आधीच सांगून टाकते. भूत, करणी, अंगात येणं, भानामती... यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि आज सत्तरी ओलांडल्यावरही मानत नाही. माझ्या सासरच्यांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि घरातले देव गाठोड्यात बांधून नदीत सोडले. सोडणारी माझी सासूच होती. नाव मथुराबाई, पण आम्ही सगळे तिला माय म्हणायचो.

माय कशी होती ते एका गोष्टीवरून कळेल. शेजारच्या घरी पोरीचा ताप उतरत नव्हता, म्हणून कुणीतरी भगत आणला. त्याने उंबऱ्यावर लिंबू ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, याला हात लावेल तो मरेल. मायने ते उचललं, घरी आणून चिरलं आणि वरणात पिळलं. "एवढं रसाळ लिंबू वाया काहून घालवता गा?" असं त्या भगतालाच विचारलं, आणि पोरीला दवाखान्यात नेलं. वरण आम्ही सगळे जेवलो. कुणी मेलं नाही.

त्या बाईच्या सुनेने ‘अमानवीय’ सदरात लिहावं, हे तिला कळलं असतं तर तिने माझी खरडपट्टी काढली असती. पण जे घडलं ते घडलं, आणि ते तिच्याच बाबतीत घडलं. म्हणून लिहिते.

ऐंशी सालचा सुमार असेल. आम्ही नागपुरात इंदोऱ्याला राहत होतो. दोन खोल्या, समोर सार्वजनिक नळ आणि नळापलीकडे शेवंताबाईचं घर. आमचे हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड, त्यामुळे सतत लाइनवर. मी ट्रंक एक्सचेंजमध्ये ऑपरेटर. त्या काळी परगावी फोन करायचा तर आधी कॉल बुक करावा लागे आणि आम्ही मुली तो जोडून देत असू.

मायचं डोकं हळूहळू गेलं. आज त्याला डिमेन्शिया म्हणतात. तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वयानं मेंदू सुकतोय, औषध नाही." वस्तीत म्हणत, बुढीला चळ लागला. आधी भाजीतलं मीठ विसरली, मग रस्ता, मग मुलाचं नाव, मग माझं. शेवटी बोलणंही सुटलं. एखादा शब्द यायचा, तोही अर्धा. बोटं मात्र काही विसरली नव्हती. जन्मभर बिड्या वळल्या होत्या तिने. मांडीवर सूप नाही, पान नाही, तंबाखू नाही, तरी दिवसभर बोटं बिडी वळत राहायची. वळायची, टोक मुडपायची, बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची.

फक्त दुपारी ती थांबायची. जेवण झालं की भिंतीला टेकून बसायची आणि बोटं मांडीवर निपचित पडायची. डोळे उघडे, पण हाक मारली तरी पापणी हलायची नाही. झोप नव्हती ती. ऊन नळावरून सरकून शेवंताबाईच्या दारात गेलं की एकदम श्वास घ्यायची आणि बोटं पुन्हा चालू. डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी खांदे उडवले. माझी ड्युटी असली की शेवंताबाई तिच्यापाशी बसायची. ती हसून म्हणायची, "झाली वं तुही सासू गायब."

मग एक दिवस मायने स्टोव्ह पेटवला आणि पदर त्याच्यावर गेला. शेवंताबाईने धावत येऊन बादली ओतली म्हणून निभावलं. हिरव्या लुगड्याचा काठ तेवढा जळला. पण त्या दिवशी मला कळलं की हे असं चालायचं नाही.

थोरले दीर भंडाऱ्याहून आले. चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "सुशीला, नोकरी सोड अन् मायपाशी बस."

"तुम्ही घेऊन जा न तिले," मी म्हटलं.

"आमच्या घरी जागा कुठं हाये?"

"मंग मी आश्रम पाह्यतो," मी म्हटलं.

घरात असा गोंधळ झाला की विचारू नका. समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, सून सासूला हाकलते, वगैरे. हे खाली मान घालून बसले होते. दीर गेल्यावर एवढंच म्हणाले, "तू पाह्य. तू पाह्यशीन ते बरोबरच राहीन."

तर मी पाहिलं. कुहीकडे जाणाऱ्या एस.टी.ने, साप्ताहिक सुटीच्या दिवशी, एकटीच गेले. धानाच्या शेतांमधून थोडं आत चालत जावं लागे. कुठल्याशा ट्रस्टचा वृद्धाश्रम होता. लांबलचक कौलारू इमारत, पुढे पडवी, फाटकाला कडी. मॅनेजर मध्यमवयीन होते, सभ्य वाटले. त्यांना मी आडनाव सांगितलं आणि ‘सासूसाठी जागा बघायची आहे’ एवढंच बोलले. त्यांनी खुर्ची पुढे केली. मी बसले नाही.

गाद्यांचा वास घेतला. संडासाच्या दाराला आतून कडी आहे का ते पाहिलं, आणि खोल्यांच्या दारांना बाहेरून कडी नाही ना तेही पाहिलं. म्हाताऱ्या बायांची नखं पाहिली, कारण काळजी घेणारं कुणी आहे की नाही ते नखांवरून लगेच कळतं. स्वयंपाकघरात जाऊन वरण हातावर घेऊन चाखलं.

"बाई, तुम्ही इन्स्पेक्शनले आल्या काय?" मॅनेजर म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "आणि एक विचारते. आम्ही बौद्ध आहोत. पाण्याचा माठ सगळ्यांचा एकच आहे ना? पंगत एकच बसते ना?"

"एकच," ते म्हणाले. त्यांच्या शब्दावर न राहता मी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबले आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पंगत एकच होती.

जेवणं आटोपल्यावर बाया पडवीत येऊन बसल्या. मी जवळून जात होते, तेवढ्यात एका म्हातारीने हाक मारली. तिच्या चष्म्याची एक काच तडकलेली होती.

"तू सुशी न वं? टेलिफोनवाली?"

मी जागच्या जागी थांबले. सुशी मला फक्त माय म्हणायची. घरात दुसरं कुणी नाही, माहेरी नाही, ऑफिसात तर नाहीच.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मथुरेनं. दुसरं कोन सांगन? रोज दुपारी येते नं ते. इथं बसते." तिने शेजारची रिकामी जागा थोपटली. दोन बायांच्या मध्ये एका माणसापुरती जागा खरंच मोकळी सोडलेली होती.

माझं डोकं भडकलं. मला वाटलं, मॅनेजरने काहीतरी चावटपणा केला आहे, नाहीतर वस्तीतलं कुणीतरी इथे येऊन बोललं आहे. अर्जासाठी आणलेला मायचा फोटो मी पर्समधून काढला. तिच्यापुढे धरला.

"हेच," ती म्हणाली. पलीकडची बाई वाकून पाहत म्हणाली, "पण यात लय सुकून गेलेली दिसते."

"काय नेसून येते?" मी दरडावूनच विचारलं.

"हिरवं लुगडं. काठ जळला हाये त्याचा."

"आणि बोलते?"

"बोलते? थांबतच नाई! भगताच्या लिंबाचं वरण केलं होतं म्हणे तिनं..." दोघी खदखदून हसल्या. मग तडकलेल्या चष्म्याच्या म्हातारीने, तिचं नाव गंगूबाई, हाताची मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "नंबर प्लीज!"

आता हे सांगायलाच हवं. नोकरीच्या परीक्षेआधी मला इंग्रजीची भयंकर भीती वाटत होती. घरी दोघीच असताना अंगठा उठवणारी माझी सासू दाराआड बसून कानाला पितळी तांब्या लावायची आणि ओरडायची, "हॅलो! मले कलकत्ता लावून दे!" मी म्हणायचे, "नंबर प्लीज." चुकले की ती पुन्हा ओरडायची. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, लाज वाटायची म्हणून. आणि मायला तर आता स्वतःचं नावही सांगता येत नव्हतं.

मी मॅनेजरकडे गेले. ते म्हणाले, "बाहेरची बाई रोज येते? शक्य नाही. फाटक बंद असतं." मग जरा घुटमळून म्हणाले, "या बाया दुपारी एक कप चहा जास्तीचा मागतात, हे मात्र खरं. मी समजलो, कुणीतरी दोनदा पीत असेल."

एस.टी.त बसून मी सगळ्या शक्यता तपासल्या. एकही टिकेना. मला भीती वाटली नाही, राग आला. माय माझ्यासमोर मुकी बसणार आणि परक्या बायांजवळ खदखदून हसणार?

ठरवलं, शहानिशा करायचीच. आश्रमाच्या ऑफिसात फोन होता आणि मी तर टेलिफोन ऑपरेटरच. दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना शेवंताबाईला सांगितलं, "आज मायच्या समोरून हलू नको. अजिबात." दुपारी मायची बोटं थांबायच्या वेळेला मी आश्रमाचा नंबर लावला. ड्युटीवर स्वतःचा खासगी कॉल लावणं नियमात बसत नव्हतं. तरी लावला. मॅनेजरना म्हटलं, गंगूबाईला बोलवा.

"कोन?" गंगूबाईचा आवाज आला.

"मी सुशी. मथुराबाई आली आहे का?"

"इथंच हाये. माह्या मागं मागंच आली. देऊ काय तिच्यापाशी?"

हेडसेटमध्ये थोडी खरखर झाली. माझा हात प्लगवर होता. वाटलं, काढून टाकावा. नाही काढला. म्हटलं, "द्या."

"सुशे?"

तो तिचाच आवाज होता. आजारातला नाही, आधीचा. बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारी माय.

"माय, कुठं हायेस तू?"

"हे काय विचारणं झालं? इथं हाये, गंगूपाशी. तू ड्युटीवर हायेस न? मंग लवकर बोल, लाइन अडवून नको ठेवू."

मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता. मी थेट विचारलं, "माय, तुले तिथं ठेवू काय?"

"ठेव. घरी मले काईच उमजत नाई वं. सारं धुक्यावानी दिसते. इथं बरं वाटते."

"लोकं म्हणतीन, सुनेनं हाकललं."

"म्हणू दे. त्यायच्या म्हणण्यानं आपली चूल पेटते काय? अन् ऐक, मोठा म्हणन नोकरी सोड. सोडशीन तर मी तुह्यासंग बोलणार नाई."

लाइन कट झाली. पुन्हा लावली तर मॅनेजर म्हणाले, गंगूबाई फोन ठेवून केव्हाच बाहेर गेल्या. ते मधल्या वेळात रजिस्टर आणायला आत गेले होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं.

माझ्या शेजारच्या बोर्डवर मेरी नावाची मुलगी बसायची. कॉल चालू आहे का हे बघायला आम्ही मध्येच लाइनवर जात असू, तशी ती गेली होती. ती म्हणाली, "सुशीला, वो बुढ़िया कौन थी? बड़ी ठसक से बोलती है." बोर्डावर दिवे पेटत होते. मी पुढचा कॉल घेतला.

घरी आल्या आल्या शेवंताबाईला विचारलं. "हलली नाई वं," ती म्हणाली. "होटसुद्धा हलले नाई. एकदा नुस्ती हसली."

पुढच्याच आठवड्यात मी मायला घेऊन गेले. हे सोबत होते. एस.टी.तून उतरताना तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं, पण मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. पडवीत पोचलो तशी गंगूबाई म्हणाली, "आज एस.टी.नं आली काय वं, मथुरे?" आणि माय, जिला स्वतःच्या घरातली मोरी सापडत नव्हती, माझा हात सोडून सरळ चालत गेली आणि त्या दोघींच्या मधल्या जागेवर बसली. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर माय तिथे दोन वर्षांहून जास्त जगली. दर सुटीला मी जायचे, नखं बघायचे, वरण चाखायचे. मॅनेजरना त्याची सवय झाली. मायची बोटं आता दुपारीही थांबत नसत. आणि बोलणंही नव्हतं. गंगूबाई कुरकुरायची, "पायानं आली अन् मुकी झाली." मला ते लागायचं. पण माय कधी घाबरलेली दिसली नाही, फाटकाकडे एकदाही गेली नाही. एका दुपारी बसल्या बसल्या गंगूबाईच्या खांद्यावर मान टाकली, तेवढंच.

मायच्या जलदान विधीला, म्हणजे आमच्याकडच्या दिवसकार्याला, सगळे जमले. दीर भरल्या घरात म्हणाले, "आमच्या मायले परक्या दारात मरा लागलं. आश्रमात टाकायच्या आधी कोणी तिले विचारलं होतं काय?"

"मी विचारलं होतं," मी म्हटलं. "ती हो म्हणाली."

"ती तर बोलतच नव्हती!"

"तुमच्याशी नसेल बोलत," मी म्हटलं, आणि आलेल्यांना पाणी द्यायला उठले.

नोकरी मी निवृत्त होईपर्यंत केली. हा किस्सा ज्यांना सांगितला त्यांनी आपापली उत्तरं दिली. कुणी म्हणालं टेलिपथी, कुणी म्हणालं मनाचे खेळ. एका साहेबांनी तर क्रॉस कनेक्शन म्हणून निकाल लावला. क्रॉस कनेक्शन म्हणजे काय हे मला शिकवू नका, मी आयुष्यभर तेच काम केलं आहे. दुसरी बाजू म्हणते, बघा, तुम्हीसुद्धा आता मानायला लागलात. नाही. मानत नाही. उत्तर सापडत नाही म्हणून मी कुणाच्या पायावर डोकं ठेवणार नाही, आणि उत्तर सापडत नाही म्हणून ऐकलेलं नाकारणारही नाही. माझ्यापाशी याचा उलगडा नाही, तुमच्यापाशी असेल तर लिहा. फक्त माझी सासू त्या दुपारी बोलली नाही, एवढं मला सांगू नका.