पोटाला मार, पाणी बंद

सैन्यात माझा ट्रेड नर्सिंग असिस्टंट. हे सांगितलं की समोरचा हमखास हसतो. त्याला वाटतं, हा गडी अख्खी नोकरी थर्मामीटर झटकत हिंडला. आता काय सांगायचं! उत्तरेकडच्या एका पोस्टवरून बर्फात स्ट्रेचर खाली आणताना आमच्यातल्या दोघांची बोटं गेली, ती काही थर्मामीटर झटकून नाही. पण सिव्हिलियन माणसाला हे समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी समजावत नाही. हवालदार मुलाणी, निवृत्त, मुक्काम देहूरोड, एवढंच सांगतो.

ट्रेनिंगमध्ये आमचे उस्ताद एक सुभेदार होते. त्यांनी पहिल्या आठवड्यात जे डोक्यात ठोकलं ते अजून निघालेलं नाही. "पेट का जख्म, पानी बंद." पोटाला मार लागलेल्या माणसाला तोंडावाटे काही द्यायचं नाही. पुढे ऑपरेशन होणार, भूल देणार, तेव्हा पोटातलं पाणी उलटून श्वासनलिकेत गेलं की संपलं. पेशंट रडेल, शिव्या देईल, आईची शपथ घालेल. ओल्या गॉझने ओठ टिपायचे, बस. साताऱ्याकडचा एक जवान मला सबंध उतारभर शिव्या देत खाली आला. तो वाचला. दर ईदला फोन करतो आणि आधी दोन शिव्या घालतो, मग मुबारक म्हणतो.

निवृत्तीनंतर देहूरोडला घर केलं. डेपोसमोरच्या टपरीवर आम्हा माजी सैनिकांची सकाळची फॉलिन, म्हणजे हजेरी, असते. चहा, गुडघेदुखी आणि पेन्शन, एवढेच विषय. त्यातून एक मेडिकल टीम उभी राहिली ती साने मॅडममुळे. मॅडम सैन्यातून मेजर म्हणून निवृत्त झालेल्या डॉक्टर. लोणावळ्यात त्यांचा दवाखाना आहे. "गुडघे दुखतात तर दुखू दे, हात चालतात ना?" म्हणाल्या. आमचे हात चालत होते.

त्या पावसाळ्यात सलग आठवडाभर उघाड नव्हती. सकाळी साडेसहाला मॅडमचा फोन आला.

"मुलाणी, भाज्याच्या वर वरच्या वाडीवर दरड आलीय. किट घे. घोलपला घे."

"येस मॅडम."

"वाटेत कुणाला उत्तरं देत बसू नकोस."

नाईक घोलप सिग्नलचा माणूस. दोन वॉकी-टॉकी सेट त्याने पोटच्या पोरांसारखे जपले होते. मळवली फाटकापाशी गाड्यांची रांग लागली होती. त्यातल्या निम्म्या मदतीच्या, निम्म्या धबधबा बघायला निघालेल्या. घोलप काच खाली करून एकाला इतकं बोलला की मला त्याचा खांदा दाबावा लागला. भाज्यापर्यंत गाडी गेली. पुढे पायवाट. भाताची आवणी नुकतीच झालेली, खाचरं तुडुंब, बांधावरून एका वेळी एकच माणूस जाईल.

वाडीच्या एका अंगाला घरं होती, तिथे आता लाल माती होती. एवढंच दिसत होतं. गावकरी पहारी, फावडी, घमेली घेऊन पहाटेपासून उकरत होते. मॅडमनी शाळेच्या पडवीत एड पोस्ट लावलं. मी जखमा धुतल्या, मोडलेले हात फळ्यांना बांधले, इंजेक्शनं दिली. गावाकडे माजी सैनिक म्हणजे मेजर, मग तो शिपाई का असेना. मला सगळे मेजर म्हणत होते आणि खरी मेजर शेजारी उभी, तिला ताई. एक म्हातारी दंड पुढे करून बसली.

"मेजर, माजं बीपी बगा."

"मावशी, तुम्हाला कुठं लागलंय?"

"लागलं न्हाई. पर आलाच हाईत तर बगा."

मी बघितलं. ठीक होतं. तिचा नातू अजून सापडायचा होता, हे मला नंतर कळलं.

दहाच्या सुमाराला वरून हाक आली, माणूस आहे, बोलतोय. मी आणि घोलप चढून गेलो. गोठा होता. त्याची तुळई एका माणसाच्या पोटावर आडवी पडली होती. मारुती नाव, चाळिशीचा, मळवलीत एका बंगल्याची राखण करायचा. बायकोसुद्धा तिथेच कामाला. ती काल रात्री बंगल्यावरच राहिली म्हणून वाचली. हा वाडीवर आला तो म्हशींसाठी. हे सगळं मला त्याच्या भावाने, लक्ष्मणने सांगितलं. नखं निघेपर्यंत माती उकरून त्यानेच मारुतीला शोधून काढलं होतं.

तुळई उचलली. मारुतीने माझ्याकडे बघितलं.

"मेजर, म्हशी सुटल्या का?"

"सुटल्या."

मला काही माहीत नव्हतं. पोटाला हात लावला. फळीसारखं कडक. नाडी बारीक, पळत होती. आत रक्तस्राव चालू होता, ते कळायला डॉक्टर लागत नाही. घोलपने सेट तोंडाशी धरला.

"अल्फा, एक कॅज्युअल्टी. पोट. लाल. ओव्हर."

लाल म्हणजे सगळ्यात आधी हलवायचा. मॅडमचा आवाज आला. "शुद्ध? ओव्हर."

"शुद्धीत. बोलतोय. ओव्हर."

"लाइन लाव. तोंडाने काही नाही. थेट खाली, भाज्याला ॲम्ब्युलन्स उभी करते. ओव्हर."

शिरा सापडत नव्हत्या. बिस्मिल्ला म्हणून सुई घातली, ती बसली. सलाइन एका गावकऱ्याच्या हातात उंच धरायला दिलं. मारुती म्हणाला, "वाईच पानी द्या."

"नाही."

"येक घोट, मेजर."

मी ओल्या गॉझने त्याचे ओठ टिपले. त्याने गॉझ चोखायचा प्रयत्न केला. मी काढून घेतलं. लक्ष्मण माझ्या अंगावर आला.

"आवं, मरनाऱ्यालाबी पानी देत्यात!"

"तो मरणारा नाही. म्हणून देत नाही."

लक्ष्मण मागे सरला. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, असं मला वाटलं.

खाली निघालो. चौघांनी स्ट्रेचर धरलं, चार जण बदली. लक्ष्मण एका दांडीला होता, तो बदलीला तयार होईना. चिखल गुडघाभर. उतारावर मागच्या दांडीचा माणूस घसरला आणि त्याचा पाय दगडात अडकला. घोट्याचं हाड मोडल्याचा आवाज मला आला. वाटेत एक झरा आहे, तिथे सपाट कातळ होता. स्ट्रेचर त्यावर ठेवायला सांगितलं. आमचा बाकीचा माल संपला होता, म्हणून छत्रीच्या काडीने तो घोटा बांधला. पाच-सात मिनिटं गेली असतील. परत वळलो तर लक्ष्मण मारुतीच्या उशाशी गुडघ्यावर बसला होता. त्याचे दोन्ही हात ओले. मारुतीची हनुवटी, गळा ओला. मारुतीचे डोळे मिटलेले होते आणि तोंडावर समाधान होतं. खोटं कशाला सांगू, सकाळपासून त्या वाडीत मी पाहिलेलं ते एकमेव समाधान.

"तुला भाऊ पाहिजे का नको?" मी ओरडलो.

लक्ष्मण म्हणाला, "मागत व्हता वो."

"उचल. चल."

अर्ध्या उतारावर मारुतीला उलटी झाली. पाणी, आणि त्यात रक्त. मी त्याला कुशीवर केलं, तोंड बोटाने साफ केलं. श्वास चालू राहिला. पण नाडी मनगटाला लागेना, मग गळ्याशी लागेना. शेवटच्या बांधावर स्ट्रेचर ठेवून मी छाती दाबायला लागलो. दोन्ही बाजूंना खाचरातलं पाणी, हिरवी रोपं. ॲम्ब्युलन्ससाठी खाली उतरलेल्या मॅडम पळत वर आल्या. त्यांनी बघितलं, थोडा वेळ स्वतः दाबलं, मग माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस, मुलाणी."

समोरच्या रस्त्यावर ॲम्ब्युलन्स दिसत होती.

लक्ष्मण बांधावर उकिडवा बसला. हात गुडघ्यांच्या मध्ये घट्ट धरलेले. कुणी न विचारता म्हणाला, "म्याच मारला त्याला. पानी पाजून मारला."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पोट रक्ताने भरलं होतं. तो पाण्याने गेलेला नाही. तो ऑपरेशन टेबलापर्यंत पोचलाच नसता."

"त्याला सांगा, मॅडम."

त्यांनी सांगितलं. डॉक्टर सांगत होत्या तोवर लक्ष्मण मान हलवत होता. मग पुन्हा म्हणाला, "म्याच मारला." मॅडमचा सेट खरखरला. वर थांबलेला घोलप सांगत होता, आणखी एक सापडलं. मी वर गेलो. आत काही वाटत नव्हतं. हात चालत होते, पाय चालत होते. त्या म्हातारीचा नातू आम्हाला दुपारी सापडला. त्याला स्ट्रेचर नाही, चादर लागली.

चारच्या सुमाराला पाऊस थांबला. गेलेल्यांना शाळेच्या वर्गात ठेवलं होतं. गावातल्या बायकांनी घरातल्या चादरी आणून पांघरल्या होत्या. मी पडवीत हात धूत होतो. तेव्हा मारुतीची बायको आली. सुरेखा तिचं नाव. मळवलीपासून चालत आली होती, चपला हातात, साडी पोटऱ्यांपर्यंत चिखलाने माखलेली. ती आत जाऊन आली. रडली नाही. पडवीत उभी राहून तिने सगळ्यांकडे एकदा बघितलं. लक्ष्मण कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. त्याने मान वर केली नाही.

तिने मलाच विचारलं. कोणीतरी सांगितलं असणार, शेवटी मेजर बरोबर होते म्हणून.

"तोंडात पानी गेलं का त्यांच्या?"

सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली.

आमच्यातही शेवटचं पाणी असतं. माझे अब्बा गेले तेव्हा अम्मीने चमच्याने त्यांच्या तोंडात पाणी सोडलं. मी रजा मिळून पोचलो तेव्हा माझाही पहिला प्रश्न हाच होता. म्हणून ती काय विचारते आहे, ते मला नेमकं कळलं. नियम सांगायचा तर मी सांगू शकत होतो. भूल, ऑपरेशन, श्वासनलिका. उस्ताद असते तर हेच सांगितलं असतं आणि ते बरोबरच होतं. आजही पोटाच्या पेशंटला मी पाणी देणार नाही.

"गेलं, वहिनी," मी म्हणालो. "मी देत नव्हतो. लक्ष्मणभाऊंनी पाजलं. ओंजळीनं."

लक्ष्मणने मान वर केली.

ती त्याच्यासमोर जाऊन खाली बसली. "कुटलं पाजलं, भावजी?"

  लक्ष्मण म्हणाला, "थोरल्या झऱ्याचं."

"पिले?"

"व्हय. दोन वंजळी पिले. तिसरी मागत व्हते. हे मेजर आले."

"दोन पिले," ती म्हणाली. तिने लक्ष्मणचे हात गुडघ्यांमधून सोडवून आपल्या हातात घेतले. नखं फुटलेले, मातीने भरलेले हात. ते तिने कपाळाला लावले आणि मग ती रडली. लक्ष्मणही रडला. मॅडमनी तोंड फिरवलं. घोलप उगाच सेटची बॅटरी काढून परत घालत बसला.

काळोख पडायच्या आधी आम्ही खाली उतरलो. थोरल्या झऱ्यापाशी माझे पाय थांबले. पाणी गढूळ नव्हतं, एवढा डोंगर खचूनही नव्हतं. घोलप म्हणाला, "चल रे, गुडघे आखडतील." मी चाललो.

घरी बायकोने दारातच पाण्याचा तांब्या दिला. बाहेरून आलेल्याला आधी पाणी, ही आमच्या घरची रीत. तांब्या हातात धरून मी उंबऱ्यावर बसलो. मला पिता येईना. तिने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." तिने तांब्या माझ्या हातातून घेतला आणि शेजारी बसून राहिली. फार वाईट वाटत होतं. सकाळपासून न वाटलेलं सगळं तिथे उंबऱ्यावर वाटलं.

दरवर्षी आम्ही माजी सैनिक देहूरोडला एका हॉलमध्ये जमतो. दोन मिनिटं मौन होतं. मग ज्याला आपल्या युनिटच्या गेलेल्या साथीदाराचं नाव घ्यायचं असेल त्याने उभं राहून घ्यायचं. मी नेहमी माझ्या पोस्टवर शहीद झालेल्या दोघांची नावं घेतो. त्या वर्षी तिसरं घेतलं. समोर बसलेले एक म्हातारे सुभेदार साहेब कानाने कमी. त्यांनी हात कानाशी नेला.

"मारुती? कौनसी युनिट?"

"वरची वाडी, साब."

हॉलमध्ये कुजबुज झाली. घोलप माझ्या शेजारी उभा राहिला, सावधान. साहेबांनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि पुढचं मराठीत विचारलं, "कसा गेला?"

"म्हशी सोडायला गेला होता."

"सुटल्या का?"

मी ते नंतर लक्ष्मणला विचारून घेतलं होतं. दावी कापलेली सापडली होती, आणि दोन्ही म्हशी तिसऱ्या दिवशी खालच्या शिवारात चरताना दिसल्या.

"सुटल्या, साब," मी म्हणालो.