थोरली बसली

प्रफुल्लसारखा भित्रा माणूस मी आमच्या हॉस्पिटलात दुसरा पाहिला नाही, आणि हॉस्पिटलात घाबरलेल्या माणसांना काही तोटा नसतो. कुलूप लावून थोडं पुढे गेला की हा परत यायचा आणि ते ओढून बघायचा. लिफ्टमध्ये चढायचा नाही. वडील गुलाबराव आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. ब्रेक कसे निकामी होतात याच्या गोष्टी जेवताना ऐकत हा वाढला, त्यामुळे एसटीत ड्रायव्हरच्या मागे बसून तोच रस्त्यावर डोळे लावायचा. कॉम्प्युटर शिकून तो वर्ध्याला आमच्या हॉस्पिटलात लागला आणि हळूहळू तिथल्या यंत्रांचा सगळा कारभार त्याच्या गळ्यात पडला. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ. "हर्षाताई, सेव्ह केलं का?" हे त्याने इतक्या वेळा विचारलं असेल की तो दारात दिसला की मी आधीच "केलं रे बाबा" म्हणून मोकळी व्हायचे.

२००५ साली हॉस्पिटलने दोन मोठे सर्व्हर घेतले. एक जुन्या इमारतीत, लॅबच्या खालच्या खोलीत. दुसरा नव्या इमारतीत, माझ्या रक्तपेढीला लागून. प्रफुल्लने त्यांना थोरली आणि धाकटी अशी नावं ठेवली. रोग्यांची सगळी माहिती मात्र दोघींपैकी कोणाच्याच पोटात नव्हती. ती होती धाकटीशेजारच्या डिस्कच्या पेटीत, आणि लांब केबल टाकून ती पेटी थोरलीलाही जोडलेली होती. रोजचं काम थोरलीने करायचं. ती पडली की धाकटीने आपणहून पेटी ताब्यात घ्यायची आणि आमचं काम चालू ठेवायचं.

"आन् दोघींनी एकदमच घेतली त?" मी एकदा सहज विचारलं.

त्याचा चेहराच उतरला. "त काईच नाई राह्यत ताई. एकाच वहीत दोन जणं, एकमेकाकडं न पाहता लिहून राह्यले असं समजा. एकीनं लिहिलेल्यावरच दुसरी लिहिते. सारी वही खराब."

म्हणून पेटीला लॉक होतं. जी पेटी वापरते आहे तिच्या नावाचं लॉक, दुसरीला हात लावता येत नाही.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, रविवारी भर दुपारी, वडनेरच्या सीताबाई आपल्या काजलला घेऊन आल्या. काजल नऊ वर्षांची, सिकलसेलची रोगी. रक्त इतकं उतरलं होतं की ओठ पांढरे पडले होते, आणि एवढंसं बोलायलाही तिला दम लागत होता. तिला लगेच रक्त द्यायला हवं होतं, पण कुठलंही चालणार नव्हतं. लहानपणापासून दुसऱ्यांचं रक्त घेऊन घेऊन तिच्या शरीरात काही रक्तांशी वैर तयार झालं होतं. गट जुळला तरी त्या वैरातलं रक्त गेलं असतं तर पोरगी हातची गेली असती. कोणतं रक्त टाळायचं ते मागच्याच आठवड्यात नागपूरच्या लॅबने कळवलं होतं आणि मी ते कॉम्प्युटरवर चढवलं होतं. मूळ कागद सीताबाईंकडे होता, आणि घाईत तो वडनेरलाच राहिला. तशी तपासणी आमच्याकडे होत नव्हती, नागपूरची लॅब रविवारी बंद. मी काजलचं नाव टाकलं आणि स्क्रीन तशीच अडकून राहिली.

मी शेजारच्या मशीनच्या खोलीत गेले आणि ओरडले. ओरडणं हा माझा स्वभाव आहे, त्याला इलाज नाही. प्रफुल्ल धाकटीसमोर उभा होता आणि घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"थोरली बोलूनच नाई राह्यली ताई. धाकटीनं पेटी घ्याले पाह्यलं, पन लॉक सुटत नाई."

तेवढ्यात आमचे सुपरिंटेंडेंट साहेब आले. सर्व्हर बसवणाऱ्या कंपनीचा पियुष नागपूरहून फोनवर होता. प्रफुल्लने फोनचा स्पीकर लावला.

"टेन्शन नको घेऊ यार," पियुष म्हणाला. "थोरली मेली असन अन् तिचं लॉक तसंच राह्यलं असन. पह्यले तिची केबल पाहून घे. नाईच उठली त लॉक तोड अन् धाकटीले पेटी देऊन टाक."

जुन्या इमारतीत आमचे इलेक्ट्रिशियन रूपराव होते. प्रफुल्लने इंटरकॉमवर त्यांना सांगितलं, "रूपरावजी, थोरलीच्या मागची निळी केबल ढिली असन त दाबून पाहा, अन् काय होते थे सांगा."

आम्ही सगळे त्या इंटरकॉमकडे कान लावून उभे राहिलो. मग रूपरावांचा खणखणीत आवाज आला.

"बसली!"

"बसली?"

"हो जी, बसली म्हनतो ना! पुरी बसली!"

आमच्याकडे मोटर बसते, धंदा बसतो, घसा बसतो. बसलं म्हणजे संपलं. खोलीतल्या प्रत्येकाने तेच ऐकलं.

"मग झालं," फोनवरून पियुष म्हणाला. "तोड लॉक."

प्रफुल्लने काय टाइप करायचं ते टाइप केलं. आता फक्त एंटर दाबायचं होतं. त्याचं बोट त्या बटणावर होतं. काचेतून मला बाहेरचा बाक दिसत होता. सीताबाईंच्या मांडीवर काजलचं डोकं होतं, आणि त्या पदराने वारा घालत होत्या. मला एवढंच कळत होतं की ह्याने ते बटण एकदाचं दाबावं.

त्याने बोट मागे घेतलं.

"सर, मले डोळ्यानं पाह्यचं हाये."

"काय पाहायचंय?" साहेब कडाडले. "रूपरावांनी सांगितलं ना!"

"सांगतलं सर. पन मले भेव लागून राह्यलं. पेटी खराब झाली त टेपवरच्या नकलेत जुनंच हाये, काजलचं त्याच्यात नाई."

"भ्यायची वेळ आहे का ही?"

साहेबांसमोर मान वर न करणारा माणूस. तरी तो दाराकडे गेला. "ताई, इथं कोनाले हात नका लावू देऊ," एवढं म्हणाला आणि पळत सुटला. मी साहेबांना म्हटलं, "पाहून येऊ द्या त्याला," आणि मागोमाग निघाले. मशीनच्या खोलीत आम्ही देवळासारख्या चपला बाहेर काढून जायचो, तो त्याचाच नियम. त्या दिवशी चपला घालायचं भान त्याला राहिलं नाही. वर्ध्याचं मे महिन्यातलं ऊन, दोन इमारतींच्या मध्ये सगळी फरशी, आणि हा अनवाणी धावत होता.

मी पोचले तेव्हा तो भिंतीला धरून उभा होता. समोर थोरली. तिचे सगळे हिरवे दिवे लुकलुकत होते. रूपराव केबलवर हात ठेवून कौतुकाने म्हणाले, "पाहा, कशी बसली! ढिलीच होती. आता हलत नाई."

केबल बसली होती.

थोरलीला काहीही झालं नव्हतं. दोन इमारतींना जोडणारा नेटवर्कचा डबा उन्हाने जळला होता, म्हणून आमच्या बाजूला तिचा आवाज येत नव्हता, एवढंच. पेटीची लांब केबल वेगळी होती, त्यामुळे पेटी तिच्याच हातात होती आणि वर लॅबच्या मुली तिच्यातच रिपोर्ट भरत होत्या. ते एंटर दाबलं असतं तर दोघी एकदम त्या पेटीवर तुटून पडल्या असत्या.

"रूपरावजी, हे दिवे नाही दिसले तुम्हाला?" मी ओरडले.

"दिसले न जी. पन तुमी केबलचं इचारलं, म्या केबलचं सांगतलं."

मी वर लॅबमध्ये धावले. तिथल्या स्क्रीनवर काजलची नोंद जशीच्या तशी उघडली. कागदावर छापून घेतली, आणि भरवसा नको म्हणून पेनाने तळहातावरही लिहून घेतली. त्या दिवसापुरती मीही प्रफुल्लच झाले होते. आमच्याकडे होत्या त्यातून चालणारी पिशवी मी शोधली आणि काजलला रक्त सुरू झालं.

इकडे प्रफुल्लने लॅबचं काम थांबवून थोरलीला नीट बंद केलं. तिने लॉक सोडलं आणि धाकटीने आपणहून पेटी घेतली. मग कुठे त्याच्या पायांकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. तळव्यांना फोड आले होते. सिस्टर पट्ट्या बांधत असताना साहेबांनी त्याला विचारलं, "तुला संशय कसा आला रे?"

"संशय नाई आला सर. मी त रोजच्यासारखाच भ्यायलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या खोलीत गेले तर तो रूपरावांना बजावत होता की आजपासून केबल 'लागली' म्हणायचं आणि मशीन 'गेली' म्हणायचं, 'बसली' हा शब्दच इथे काढायचा नाही. रूपराव हसत होते. मला हसू येत नव्हतं. रात्रभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं, की मी ते नीट वाचलं ना, पिशवी बरोबर दिली ना. वॉर्डात जाऊन बघायचा धीर होत नव्हता.

तेवढ्यात दारात सीताबाई आल्या. धावत आल्या होत्या, चौकट धरून उभ्या राहिल्या.

"साहेब, बसली!"

प्रफुल्ल पांढराफटक पडला.

"पोरगी जी," सीताबाई म्हणाल्या. "उठून बसली. च्या मागून राह्यली."

प्रफुल्लने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"आता काऊन रडून राह्यला?" मी विचारलं.

"लई भेव लागलं होतं ताई."

"मलेबी," मी म्हटलं, आणि काजलसाठी चहा आणायला कँटीनकडे गेले.