मेणातला तिळाएवढा तुकडा

दवाखान्याच्या तपासणीखोलीत बावीस वर्षं तिनं मेण कापलं. गाठीचा तुकडा मेणाच्या वडीत बसवायचा, यंत्राचं चाक फिरवायचं आणि पातीवरून केसाहून बारीक चकत्या उतरवायच्या. सगळे तिला पातीबाई म्हणत. बाईला हाताचा गर्व होता, आणि का नसावा? मोठे डॉक्टरही तिच्या टेबलाजवळ आले की आवाज खाली आणत.

त्या दुपारी समोर आलेली वडी तिच्या थोरल्या नणंदेची होती. आधीच्या तपासण्यांनी वडी झिजलेली. आत उरला होता तिळाएवढा तुकडा. पुन्हा पोट उघडायचं बळ नणंदेच्या अंगात नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं होतं, की पेशीतला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटतो आणि पेशी तो सांधते. काही गाठींची सांधायची एक वाट मुळातच मोडलेली असते. नवी गोळी दुसरी वाट बंद करते, मग गाठ आपल्याच मोडतोडीनं मरते. नणंदेची गाठ तसली आहे का, हे कळायला दहा चकत्या हव्या होत्या.

तिनं वडी पकडीत बसवली, चाक फिरवलं, आणि मग तिच्या लक्षात आलं. जाड कापायचा खटका तसाच राहिला होता. याआधी दुसऱ्या कुणाच्या कोऱ्या वडीचं वरचं मेण काढायला तिनंच तो लावला होता. एका फेरीत जाड पापुद्रा सुटून खालच्या तबकात पडला.

पापुद्राही तपासणीला चालला असता. पण तबकात सकाळपासूनच्या चार जणांच्या गाठींचा चुरा होता. उचलला असता तर कुणाला कळणार होतं? चिमटा तबकापर्यंत गेलाही. पण परक्याचा एखादा कण चिकटून गेला, तर उत्तर येईल ते कुणाच्या गाठीचं? तिनं चिमटा ठेवला, खटका बदलला, श्वास रोखून चाक फिरवलं. सात उतरल्या. आठवीत नुसतं मेण.

तिनं तसंच लिहून दिलं, चूक कुणाची तेही. घरी येऊन नणंदेपुढे उभी राहिली.

"वन्सं, तीन चकत्या माझ्या हातनं गेल्या."

पलंगावर पडलेल्या नणंदेनं तोंड भिंतीकडे वळवलं. "एवढी वर्षं तुझी एक चूक शोधत होते मी," ती म्हणाली. "सापडली ती ही."

पुढचे बारा दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. तेराव्या दिवशी कागद आला. सात चकत्या पुरल्या होत्या. गाठीची ती वाट मोडलेलीच होती. गोळी सुरू करता येणार होती.

पातीबाईनं कागद वाचून दाखवला. नणंदेनं उशी पाठीशी सारली.

"पुन्हा वाच," ती म्हणाली. "आणि बस की जरा. उभ्याउभ्या काय वाचतेस?"