धुराड्यातले देव

चारुवहिनी दुकानात दह्याचा डबा घेतात तेव्हा झाकण दोनदा दाबून बघतात, आधी कुणी उघडलेला तर नाही ना म्हणून. टॅक्सीत बसल्या की रस्त्याकडे न बघता आरशातून ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघतात. कुवेतमधल्या जहरा गावाच्या ज्या दवाखान्यात त्या नर्स आहेत आणि मी एक्सरे काढतो, तिथे पेशंट म्हणाला ‘बरं वाटतंय’, तर त्या त्याचा ताप आणखी एकदा मोजतात. त्यांचा नवरा विजयकुमार तेल कंपनीत शिफ्ट इंजिनियर आहे. तो सांगतो की सप्तपदीच्या वेळीसुद्धा ही मध्येच मागे वळली होती, शालूवर कुणी पाय तर देत नाही ना ते बघायला.

मी त्यांचा मानलेला दीर. दीर असण्यात मान कमी आणि कामं जास्त असतात, त्यातून माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, हे वहिनींना पक्कं माहीत आहे.

विजयकुमार आणि वहिनी एका कुवेती घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहतात. खाली घरमालक नबील आणि त्याची आई. इथे बाईला मुलाच्या नावाने ओळखतात, म्हणून ती उम्म नबील. वरचा मजला नबीलच्या वडिलांनी हौसेने बांधलेला, आणि जहराला वाळवंटाची थंडी झोंबते म्हणून हॉलमध्ये संगमरवरी फायरप्लेससुद्धा केलेली. विजयकुमारला ती जागा अडवणारी वाटली. वहिनींनी मात्र पाऊल टाकताच ओळखलं की हे देवघर आहे.

अन्नपूर्णा, बाळकृष्ण, गणपती आणि नाशिकहून सासूबाईंनी दिलेला खंडोबाचा टाक अशी मंडळी त्या कोनाड्यात बसली. पुढे दोन झडपांचं लाकडी दार आलं. कापूर पेटवला की धूर हॉलमध्ये न पसरता सरळ वर जायचा. इतकं सोयीचं देवघर नाशिकलाही नव्हतं, असं वहिनी स्वतःच म्हणायच्या. परकं माणूस आलं की दार बंद आणि त्यापुढे प्लॅस्टिकच्या फुलांची मोठी कुंडी.

घरात देव ठेवायला कुणाची आडकाठी नव्हती. विजयकुमारने शंभरदा सांगितलं की नबीलला सांगून टाक, तो काही म्हणणार नाही. पण वहिनींचा मुद्दा वेगळाच. घर त्यांचं, फायरप्लेस त्यांच्या वडिलांची, आणि त्यात न विचारता आपला खंडोबा. कळलं तर आधी काही बोलणार नाहीत, मग एक दिवस गोड बोलून घर रिकामं करायला सांगतील. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं वहिनींच्या मनात बारा महिने पौर्णिमा होती.

मग देवांवर काजळी पडू लागली.

आधी बारीक काळे कण. नंतर सकाळी दार उघडावं तर अन्नपूर्णेच्या चेहऱ्यावर काळा थर. खाली पाहुण्यांच्या बैठकीत, जिला इथे दिवाणिया म्हणतात, तिथेही एक चूल होती, आणि दोन्हींचं धुराडं पुढे एकच. नवरा गेल्यापासून उम्म नबील थंडीत त्याच चुलीपाशी बसायची. तेव्हा वहिनींनी निकाल लावून टाकला की म्हातारीला कळलंय, आणि ती मुद्दाम धूर सोडतेय.

एकदा संशय आला की पुरावे आपोआप चालत येतात. जिन्यात नबीलने विचारलं होतं, “तुमच्याकडे धूर येतो का?” वहिनींनी घाईने नाही म्हणून टाकलं, कारण हो म्हटलं तर तो बघायला वर आला असता. पण त्याने विचारलंच का, हे काट्यासारखं सलत राहिलं. मग ईदची थाळी. दरवर्षी उम्म नबील स्वतः घंटी वाजवून गोड खाऊ हातात द्यायची. मागच्याच्या मागच्या ईदला थाळी चपलांच्या रॅकवर ठेवलेली सापडली. दार उघडं होतं, वहिनी स्वयंपाकघरात होत्या, आणि म्हातारी हाक न मारताच निघून गेली होती. वहिनींनी तो खाऊ तोंडातही घातला नाही. पूर्वी थंडीच्या तोंडावर अंगणात जळाऊ लाकडांची गाडी रिकामी व्हायची, तीही हल्ली दिसेना. मी म्हटलं, वहिनी, लाकूडच येत नाही तर धूर कुठला? त्यावर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू मीही कटात सामील आहे.

“आपल्याला दिसू नये म्हणून आडून आणतात,” त्या म्हणाल्या.

या जानेवारीत खंडोबाचा टाक ओळखू येईना तेव्हा त्या रडल्या. वहिनींना रडताना मी पहिल्यांदा बघितलं. सासूबाईंना शब्द दिला होता, म्हणाल्या, की देवांची आबाळ होऊ देणार नाही. देव एका जागी बसलेत, त्यांना उठवायचं नाही. घर दवाखान्याला जवळ, ते सोडायचं नाही. आणि मालकाला कळूही द्यायचं नाही. विजयकुमारला मात्र बजावलं होतं, या महिन्यात काजळी थांबली नाही तर दुसरं घर बघायचं.

साधा उपाय होता, धुराडं साफ करणारा माणूस बोलवायचा. पण तो आधी मालकाच्या चुलीत डोकावणार आणि मग वहिनींच्या. त्यामुळे माणूस बाद. घरच्या घरी करायचं ठरलं, आणि मला ड्रिलसकट हजर होण्याचा हुकूम आला.

राई नावाच्या औद्योगिक भागातल्या एका हार्डवेअरच्या दुकानात ते सामान मिळालं. एकीला एक पेचाने जोडायच्या लवचिक कांड्या, आणि सगळ्यात वरच्या कांडीच्या टोकाला जाड नायलॉनच्या दोऱ्यांचा झुपका. खालचं टोक ड्रिलमध्ये बसवायचं, कांड्या जोडत जोडत झुपका वर सारायचा. ड्रिल फिरलं की झुपका गरगरत धुराड्याच्या भिंती खरवडतो. दुकानदार भला माणूस होता. निघताना पुन्हा बाहेर आला आणि म्हणाला, “मॅडम, उल्टा कभी मत घुमाना.”

परतताना गाडीत, एका सिग्नलला, वहिनी म्हणाल्या की हे सगळं त्यांना कळतं. एकाच बाजूने फिरवायला सांगतात, म्हणजे दोऱ्या एकाच अंगाने झिजतात आणि माणूस लवकर नवीन घ्यायला येतो. त्याच्या तोंडावर किती काळजी होती बघितलीत ना, म्हणाल्या, तिथेच मला शंका आली.

शुक्रवारची दुपार वहिनींनीच निवडली. नबील जुम्म्याच्या नमाजाला जातो, घरात म्हातारी एकटी, तिला ऐकू कमी येत असणार. विजयकुमार ड्यूटीवर. त्याला यातलं काही सांगितलं नव्हतं, तो हसला असता.

देव तामणात घालून आतल्या खोलीत नेले. फायरप्लेसच्या तोंडाला जाड प्लॅस्टिक चिकटवलं, त्याला भोक पाडून कांडी आत घातली. मी कांड्या सारायच्या आणि ड्रिल वहिनींनी धरायचं. ड्रिल माझं असलं तरी माझ्या हातावर त्यांचा विश्वास नव्हता.

सुरुवात झकास झाली. आत खरखर वाजू लागलं आणि प्लॅस्टिकमागे काळा पाऊस पडू लागला. तीनचार कांड्या गेल्या, झुपका दोन धुराडी मिळतात ती जागा ओलांडून वर गेला आणि अडला. वर काहीतरी गच्च बसलं होतं. मी म्हटलं थांबा, थोडं मागे घेऊ. वहिनी म्हणाल्या, “आता कळेल त्या दुकानदाराने का नको म्हटलं होतं ते.” आणि ड्रिलचा खटका उलटा केला.

ड्रिल एकदम हलकं झालं, कापलेल्या पतंगाच्या दोऱ्यासारखं. मी कांड्या खाली ओढल्या तर निम्म्याच आल्या. पेच होते ते. उलटं फिरवलं की सुटणारच, हे शाळकरी मुलालाही कळतं. बाकीच्या कांड्या आणि झुपका क्षणभर वरच अडकून राहिले असावेत. मग धडधडत खाली गेले. आमच्याकडे नाही, सरळ तळमजल्यावर.

खालून आपटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ त्या कोनाड्यातून म्हातारीचा आवाज, “या रब!” इतका स्पष्ट, की ती जणू प्लॅस्टिकच्या पलीकडेच बसली होती.

वहिनींच्या चेहऱ्याचा रंग उडाला. मला वाटलं म्हातारीला लागलं म्हणून. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, “भावजी, तिचं आपल्याला ऐकू येतं म्हणजे आपलं तिला ऐकू जातं.” रोजची घंटा, रोजची आरती, सगळं. इतकी वर्षं कुंडी हलवण्यात गेली, आणि धुराडं रोज चुगली करत होतं.

तेवढ्यात त्यांच्यातली नर्स जागी झाली. म्हातारीला लागलं असेल, म्हणाल्या, आणि प्रथमोपचाराची पेटी उचलून माझ्याआधी जिना उतरल्या. दारापाशी मात्र थबकल्या आणि मला पुढे ढकललं.

दिवाणियात मी पाऊल टाकलं आणि आधी जाणवली ती थंडी. वहिनींच्या घरापेक्षा इथे गार होतं. उम्म नबील भिंतीशी गादीवर बसली होती, अंगावर दोन गोधड्या, पायांत लोकरीचे मोजे, पुढ्यात विजेचा छोटासा हीटर. आणि चूल? चुलीत कॉफीच्या पितळी सुरया शोभेला मांडल्या होत्या. त्यांच्यावर, गालिच्यावर, म्हातारीच्या गोधडीवर आमची काजळी. सुरयांच्या मधोमध आमचा झुपका आडवा पडला होता. राख नव्हती, कोळसा नव्हता, लाकडाची ढलपीही नव्हती.

लागलं का, असं वहिनी त्यांच्या दवाखान्यातल्या अरबीत विचारू लागल्या. म्हातारीने हात झटकला आणि उलट तिनेच विचारलं.

“वर तुमच्या देवाच्या जागेला काही झालं का?”

वहिनींच्या हातातली पेटी खाली ठेवली गेली. म्हातारीच पुढे बोलू लागली. अरबी मला बेताची येते, पण ती सावकाश बोलत होती. घंटा तिला पहिल्यापासून ऐकू यायची. ती वाजली की सकाळ झाली म्हणून कॉफी ठेवायची. मग त्या ईदला ती थाळी घेऊन वर आली, दार उघडं होतं, आणि समोर वहिनींचे देव दिसले. तोंडं काळी झालेली. शेजारी काळं झालेलं फडकं.

“तू रोज पुसत होतीस आणि मी रोज खालून धूर पाठवत होते,” ती म्हणाली. “मला लाज वाटली. हाक न मारता थाळी ठेवली आणि येऊन चूल विझवली. नबीलला सांगितलं, आता लाकूड आणू नकोस.”

“पण नबीलने विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं,” वहिनी कशाबशा म्हणाल्या.

“हो ना. तू सांगणारी नाहीस, हे तेव्हाच कळलं.”

दोन हिवाळे ती त्या हीटरपुढे बसली होती. वहिनी खाली वाकल्या आणि तिच्या गोधडीवरची काजळी झटकू लागल्या. झटकल्याने ती आणखी पसरत होती. मला तिथे उभं राहवेना. मी झुपका उचलून वर आलो.

उरलेलं धुराडं मी एकट्याने साफ केलं, सुलटं फिरवून. वरच्या तोंडाशी पारव्यांचं घरटं दाटून बसलं होतं, ते आलं. आणि त्याच्याखाली भिंतीला चिकटलेला काळा, चिकट थर. वहिनी वर आल्या तेव्हा तो बादलीत होता. त्यांनी चिमूटभर घेऊन वास घेतला, मग मला दिला. कापूर आणि धूप, दुसरं काही नाही. वाट बंद असल्यामुळे त्यांच्याच आरतीची काजळी दोन वर्षं त्यांच्याच देवांवर परत पडत होती. वहिनी बराच वेळ बादलीकडे बघत राहिल्या. आता कुणाचा संशय घ्यावा ते शोधत असाव्यात, पण घरात त्यांच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणीच नव्हतं.

“तिचा धूर थांबला होता, भावजी,” त्या म्हणाल्या. “ती उगीच गारठली.”

देवांना उठवायचं नाही म्हणणाऱ्या वहिनींनी त्याच संध्याकाळी देव उठवले. हॉलच्या भिंतीवर लाकडी देव्हारा आला, दाराशिवाय. फायरप्लेसचं तोंड नबीलने विटांनी बंद करून दिलं, म्हणजे खालचा धूर थेट वर जाईल. गवंडी देव्हाऱ्यासमोर उभा राहून चहा प्यायला आणि वहिनींनी कुंडी मध्ये सरकवली नाही. अंगणात लाकडांची गाडी रिकामी झाली.

माणसाचा स्वभाव मात्र एका शुक्रवारात बदलत नाही. वहिनी आता रोज दवाखान्यात निघताना अंगणात उभ्या राहतात आणि गच्चीवरच्या धुराड्याकडे बघतात. धूर दिसला नाही की चेहरा बदलतो. म्हातारी म्हणते आज ऊब आहे. म्हातारी म्हणते लाकूड ओलं निघालं. वहिनींना यातलं एकही पटत नाही. वर वहिनींकडे वास येईल म्हणून ती गुपचूप चूल विझवून बसते, असा त्यांचा दाट संशय आहे, आणि त्या विटांवर तळहात ठेवून खात्री करून घेतात.

काल सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. मी अजून अंथरुणात होतो.

“भिंत गार लागतेय,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “मला फसवतेय ती. मी काड्यापेटी घेऊन खाली चाललेय.”